पाचवी खिडकी

सोमवारी सकाळी दहाला पाच कमी असताना दातांच्या दवाखान्यात एक निवृत्त मुख्याध्यापक बोका घेऊन हजर झाले. बोका त्यांचा नव्हता. शेजाऱ्यांकडून मागून आणला होता. आदल्या दिवशी मोबाइलवर आलेल्या संदेशात स्वच्छ लिहिलं होतं, ‘उद्या दहा वाजता बोक्याला पिंजऱ्यात घालून आणावे. सकाळपासून खाणे बंद. चावत असल्यास आधी कळवावे.’ मुख्याध्यापकांनी उभ्या आयुष्यात लेखी सूचना मोडली नव्हती. त्यांनी स्वतःही काही खाल्लं नव्हतं, कारण खाणं नेमकं कुणाचं बंद याचा संदेशात खुलासा नव्हता.

त्याच सकाळी एका पोपटाच्या मालकिणीला मोटार चालवण्याच्या तिसऱ्या धड्याचं बोलावणं आलं होतं. केस रंगवायची वेळ घेतलेल्या एका बाईंना ‘अक्कलदाढ काढायची आहे, सोबत घरातली एक जबाबदार व्यक्ती आणावी’ असं कळवलं गेलं होतं. त्या एकट्याच आल्या. घरात तशी व्यक्ती नाही, असं त्यांनी काउंटरवर सांगितलं.

हे सगळे संदेश एकाच कंपनीतून गेले होते. दंतवैद्य, जनावरांचे दवाखाने, पार्लर, मोटार शिकवणारे अशा मंडळींच्या वेळा सांभाळायच्या आणि गिऱ्हाइकांना आदल्या दिवशी आठवण करून द्यायची, एवढंच त्या कंपनीचं काम. साडेदहापर्यंत तिथले तिन्ही फोन एकदम वाजत होते. सगळ्यांचे चेहरे उतरले होते. एकच माणूस पाठ ताठ करून बसला होता आणि त्याचा चेहरा न्हाऊनमाखून आल्यासारखा प्रसन्न होता. हे थोरले.

थोरले म्हणजे या कंपनीचे सर्वांत जुने प्रोग्रामर. चार महिन्यांपूर्वी त्यांचे साडू, म्हणजे मेहुणीचे यजमान, त्याच कंपनीत लागले आणि तेव्हापासून अख्खं ऑफिस या दोघांना ‘थोरले’ आणि ‘धाकटे’ म्हणू लागलं. साडू नोकरीला लागला याचं थोरल्यांना काही वाटलं नव्हतं. तो हुशार निघाला, याचं वाटलं.

झालं असं, की संदेश पाठवणारा मूळ प्रोग्राम थोरल्यांनी अकरा वर्षांपूर्वी लिहिला होता. कंपनीची सगळी माहिती एका डेटाबेसमध्ये असे. डेटाबेस म्हणजे खिडकीआड बसलेला कारकूनच. उद्या दहाला कोण येणार, त्याला काय सांगायचं, असं आपण विचारायचं आणि त्यानं उत्तर सरकवायचं. थोरल्यांच्या प्रोग्रामला खिडकी एकच. एक प्रश्न, एक उत्तर, मग पुढचा. दिवसभर संदेशांच्या फेऱ्या चालत आणि एका फेरीला चाळीस मिनिटं लागत, पण चूक म्हणून होत नसे. धाकट्यांनी येऊन पहिल्याच महिन्यात पाच खिडक्या उघडल्या, पाच प्रश्न एकदम विचारायला लावले आणि चाळीस मिनिटांचं काम सहा मिनिटांवर आणलं. कंपनी ज्यांची त्या मॅडमनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या होत्या. थोरल्यांनीही वाजवल्या होत्या. घरी जाईपर्यंत तळहात चुरचुरत होते.

त्यात घरी वेगळंच. “धाकटीचे यजमान साडेपाचला घरात असतात म्हणे,” बायको म्हणायची. “मुलीला पोहायला नेतात.”

“सहा मिनिटांत काम संपल्यावर काय करणार माणूस? पोहणारच.”

“तसं नाही. हसतमुख आहेत. तुम्ही आल्या आल्या वीज कापायला आल्यासारखे दारात उभे राहता.”

तेव्हापासून थोरल्यांच्या पोटात जे दुखायला लागलं, त्याला डॉक्टर नव्हता. औषध मात्र त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं, आणि ते ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मॅडम प्रत्येक पूर्ण झालेल्या कामापुढे शेरा लिहीत. ‘ठीक’, ‘उत्तम’ किंवा ‘पुन्हा करा’. हे शेरेही त्याच डेटाबेसमध्ये पडत. थोरल्यांनी एक छोटीशी चौकशी लिहून आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालू ठेवली होती. दर दहा मिनिटांनी ती गुपचूप जाऊन विचारायची, ‘कर्मचारी क्रमांक सतरा यांना “पुन्हा करा” किती वेळा?’ क्रमांक सतरा म्हणजे धाकटे. उत्तर यायचं, शून्य. दहा मिनिटांनी पुन्हा शून्य. दोन महिने रोज शून्य येत होतं आणि दोन महिने थोरले रोज आशेनं बघत होते.

स्वतःसाठी नवी खिडकी उघडली असती तर मॅडमच्या यादीत नावानिशी दिसली असती. म्हणून थोरल्यांची चौकशी धाकट्यांच्याच पाचव्या खिडकीत घुसे. तिथं गर्दी सर्वांत कमी. आधी डोकावून पाहायचं, खिडकी मोकळी असली की पटकन विचारायचं आणि उत्तर घेऊन पसार व्हायचं. काम इतकं सफाईदार होतं, की दाखवता आलं असतं तर त्यालाच ‘उत्तम’ मिळालं असतं.

तर सोमवारी साडेदहाला मॅडमनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

“बोका!” मॅडम म्हणाल्या. “दातांच्या खुर्चीत बोका बसलाय! काय चाललंय?”

“मी बोलणार नव्हतो,” थोरले म्हणाले, “पण पाच खिडक्या काढल्या तेव्हाच मला धाकधूक वाटली होती. एकदम पाच जण विचारणार, म्हणजे याचं उत्तर त्याच्या हातात जाणारच.”

“तसं होत नाही, दादा,” धाकटे शांतपणे म्हणाले. “प्रत्येक खिडकी वेगळी आहे. एकीचं उत्तर दुसरीत जात नाही.”

“मग बोका काय चालत गेला?” थोरल्यांनी विचारलं.

“ते शोधायला हवं.”

“शोधा,” मॅडम म्हणाल्या. “गुरुवारी अकरा वाजता बारा दवाखान्यांच्या मालकीणबाई आपलं काम बघायला येतायत. आणि शुक्रवारी मी म्हटलं होतं ना, विभागाला एक प्रमुख नेमायचाय? जो ही चूक शोधेल, तो प्रमुख. विषय संपला.”

थोरले केबिनमधून बाहेर आले ते हवेतच. अकरा वर्षं ज्या खुर्चीकडे बघितलं ती खुर्ची आणि साडूची फजिती, दोन्ही एकाच ताटात वाढून आलं होतं.

मंगळवारी सकाळची पाळी थोरल्यांनी मागून घेतली. कामाला बसण्याआधी त्यांनी आपली चौकशी बंद केली. शोध घेताना स्वतःचंच शेपूट सापडायला नको. मग चार तास डोळ्यांत तेल घालून ते पाचही खिडक्यांकडे बघत बसले. एकही चूक झाली नाही. बोक्याचा निरोप बोक्याच्या घरी गेला, दाढेचा दाढेच्या.

आपली चौकशी बंद केली आणि चुका थांबल्या, याचा अर्थ काय? ते पाणी पिऊन आले. परत जाऊन पुन्हा पाणी पिऊन आले.

दुपारी पाळी धाकट्यांची होती. थोरल्यांनी देवाचं नाव घेऊन आपली चौकशी पुन्हा चालू केली. होऊन जाऊ दे एकदाचं, असं मनाशी म्हटलं आणि खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. तीन वाजले, चार वाजले. तरी एकही चूक नाही. पाचव्या खिडकीत त्यांची चौकशी चोवीस वेळा जाऊन आली आणि चोवीस वेळा शून्य घेऊन आली. थोरल्यांचा जीव भांड्यात पडला. आपण धुतल्या तांदळासारखे!

धाकटे डोकं खाजवत उठले. “काहीच सापडत नाही, दादा. मी बघत असलो की सगळं सुरळीत.”

“माझंही तेच झालं सकाळी,” थोरले म्हणाले. “पाहुणे आले की शहाण्यासारखं वागणारं कार्टं असतं ना, तसंय हे.”

दोघेही आपापल्या जागेवर जाऊन बसले आणि अर्ध्या तासात फोन वाजला. एका मोटार शिकवणाऱ्याच्या तीन शिष्यांना ‘उद्या केस धुऊन यावे’ असा संदेश नुकताच गेला होता.

बुधवारी तेच. थोरले बघत असले की शांतता, धाकटे बघत असले की शांतता, दोघे आपापल्या कामाला लागले की गोंधळ. ऑफिसात प्रोग्रामची चाचणी घेणाऱ्या बाईंनी तर सुचवलंही, की दोघांपैकी एकानं आळीपाळीनं कायम बघतच बसावं, म्हणजे कंपनी नीट चालेल. मॅडम हसल्या नाहीत.

थोरल्यांचं मत मात्र आता पक्कं झालं होतं. आपली चौकशी निर्दोष आहे हे आपण स्वतः तपासून पाहिलंय, म्हणजे दोष धाकट्यांच्या पाच खिडक्यांचाच. तो सिद्ध करायची गरजच काय? गुरुवारी पाहुणीसमोर आपोआप बाहेर येईल. त्या रात्री ते इतके खुशीत होते, की बायकोनं दोनदा विचारलं, बरं आहे ना?

गुरुवारी अकराला दहा कमी असताना बारा दवाखान्यांच्या मालकीणबाई येऊन बसल्या. जाडजूड, मोठ्या आवाजाच्या, अंगावर कुठल्या तरी जनावराचे केस चिकटलेले. भिंतीवर मोठा पडदा लावला होता. धाकटे पडद्यापाशी उभे राहून समजावत होते आणि छान समजावत होते, हे थोरल्यांना नाइलाजानं मान्य करावं लागलं. थोरले मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले. त्यांची चौकशी टेबलावर चालूच होती. बंद करायचं कारणच नव्हतं.

“आता बरोबर अकरा वाजता,” धाकटे म्हणाले, “तुमच्या पहिल्या दवाखान्याच्या उद्याच्या वेळा पडद्यावर येतील. जनावराचं नाव, वय, आजार, सगळं.”

अकरा वाजले. पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं:

कर्मचारी क्रमांक ४ : उत्तम : ११
कर्मचारी क्रमांक १७ : उत्तम : ६
फरक : ५

क्रमांक चार थोरल्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर ठसठशीत लिहिलेला होता आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

“हे कुठलं जनावर?” मालकीणबाईंनी विचारलं.

थोरल्यांना खरं तर भीती वाटायला हवी होती. पण त्यांनी ते आकडे वाचले, पुन्हा वाचले, आणि त्यांच्या पोटातलं दोन महिन्यांचं दुखणं एका क्षणात थांबलं. ही चौकशी त्यांची नव्हती. त्यांनी कधीही स्वतःचे ‘उत्तम’ मोजले नव्हते. मोजायची हिंमतच झाली नव्हती. हे कुणीतरी दुसऱ्यानं मोजलं होतं. फरकसुद्धा काढला होता! समोर धाकटे कानापर्यंत लाल झाले होते. म्हणजे हा माणूस, हा हसतमुख, सहा मिनिटांत काम संपवून पोहायला जाणारा माणूस आपल्यावर जळतो! आपल्यावर! थोरल्यांना उठून त्यांना मिठी मारावीशी वाटली.

धाकट्यांनी घाईघाईनं बटण दाबलं. पडदा बदलला:

कर्मचारी क्रमांक १७ : पुन्हा करा : ०

आता लाल व्हायची पाळी थोरल्यांची होती.

“आणि हे?” मालकीणबाई म्हणाल्या.

“आमच्याकडची दोन आहेत,” मॅडम दोघांकडे बघत म्हणाल्या. “एकाच गोठ्यातली.”

पण याच क्षणी थोरल्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते उठले, फळ्यापाशी गेले आणि कुणी विचारायच्या आत खिडकी काढू लागले.

“साडूभाऊ, तुमची चौकशी कुठल्या खिडकीतून जाते?”

“पाचव्या,” धाकटे पुटपुटले. “तिथं गर्दी कमी.”

“किती वेळानं?”

“दर दहा मिनिटांनी. घड्याळाच्या ठोक्यावर.”

“आधी डोकावून बघता? मोकळी आहे का म्हणून?”

“हो.”

“मीही! मीही डोकावतो!” थोरले ओरडले. अकरा वर्षांत त्यांना इतका आनंद झाला नव्हता. “दोघांनी एकाच ठोक्याला डोकावलं. दोघांना मोकळी दिसली. दोघे घुसले. आत एक जण मावतो तिथं दोघे उभे. कारकुनानं उत्तरं दिली, पण एक उत्तर जास्तीचं झालं आणि पाठीमागच्या प्रत्येकाला पुढच्याचं उत्तर मिळालं. बोका दातांकडे, दाढ केसांकडे! मी बघायला बसायचो तेव्हा माझी बंद ठेवायचो, म्हणून तुमची एकटी नीट जायची. तुम्ही बसलात की तुम्ही तुमची...”

“बंद ठेवायचो,” धाकटे म्हणाले.

“एकेकटे दोघेही निर्दोष! दोघे मिळून गुन्हेगार!”

आपण चूक शोधली की कबुलीजबाब दिला, हे थोरल्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

हसल्या त्या मालकीणबाई, आणि अशा हसल्या की टेबलावरचे पेले वाजले. “माझ्याकडे असेच दोन डॉक्टर आहेत,” त्या म्हणाल्या. “एकानं मांजराला टोचलं की दुसरा येऊन बघतो, नीट टोचलंय का. परवा एका मांजराला दोनदा टोचून झालं. मला नवल नाही वाटत. संध्याकाळपर्यंत नीट करा, काम तुम्हालाच.”

दोघांनी शेजारी शेजारी बसून ते वीस मिनिटांत नीट केलं. दोन्ही चौकश्या काढून टाकल्या आणि पाचव्या खिडकीला आतून कडी लावली. एक जण आत असला की दुसऱ्याला डोकावताच येऊ नये. पाच वाजता मॅडमनी थोरल्यांना बोलावलं.

“प्रमुख तुम्ही,” त्या म्हणाल्या. “चूक तुम्ही शोधलीत, हे एक. आणि अर्धी चूक तुमचीच होती, तेव्हा ती तुमच्याइतकी कुणाला कळणार?”

थोरले जिन्यात आले तेव्हा धाकटे पिशवी खांद्याला लावून निघालेच होते. थोरल्यांचं मन भरून आलं. आपल्यावर जळणाऱ्या माणसाशी किती मोठ्या मनानं वागता येतं, याचा अनुभव त्यांना प्रथमच येणार होता. त्यांनी साडूच्या खांद्यावर हात ठेवला.

“साडूभाऊ, मनाला लावून घेऊ नका.”

“काय?”

“प्रमुखपद. मला मिळालं म्हणून तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे. माणसाला वाटतंच. मी समजू शकतो.”

“छे हो, दादा!” धाकटे हसले. त्यांचे सगळे दात दिसले. “बरं झालं तुम्हाला मिळालं. मला कुठं हवं होतं? मला साडेपाचला तलावावर पोचायचं असतं.”

“पण तुम्ही माझे ‘उत्तम’ मोजत होतात.”

“मी कुठला मोजतोय! आमच्या हिनं लावलं होतं मोजायला. शुक्रवारी चुकून घरी सांगितलं, प्रमुख नेमणार म्हणून. तेव्हापासून रोज एकच. ताईच्या यजमानांना किती, तुम्हाला किती. लहानपणापासून म्हणे ताईला सगळं आधी, सगळं जास्त. आता नवरासुद्धा प्रमुख होणार का, म्हणून रडली शनिवारी. कोण रोज मोजत बसणार? म्हणून ती चौकशी लिहिली. संध्याकाळी आकडा वाचून दाखवायचा, झालं.”

“आणि तुम्हाला स्वतःला?” थोरल्यांचा आवाज बारीक झाला. “माझे अकरा बघून काहीच नाही वाटलं?”

“छान वाटलं.”

“जराही नाही? एवढंसं?” थोरल्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं.

“अगदी मनापासून सांगतो, दादा. जरासुद्धा नाही.”

धाकटे दोन दोन पायऱ्या उतरत निघून गेले. थोरले कठड्याला धरून उभे राहिले. खुर्ची मिळाली होती. पण सकाळी अकरा वाजता पडद्यासमोर जे मिळालं होतं, ते सायंकाळी सव्वापाचला जिन्यात कुणीतरी हातातून काढून नेलं होतं. एवढं मोठं पद मिळवावं आणि सख्ख्या साडूनं साधा एक सुस्कारासुद्धा टाकू नये? माणसात काही माणुसकी?

घरी बायको मटार सोलत बसली होती. त्यांनी पायातले बूट काढता काढता सांगून टाकलं, “प्रमुख झालो.”

“बरं झालं,” बायको म्हणाली. “आता घरी यायला आणखी उशीर. तोंड का असं?”

“तो जळत नाही.”

“कोण?”

“धाकटे. मी प्रमुख झालो, त्याला काही वाटलंच नाही. छान वाटलं म्हणाला. जळत होती ती तुझी बहीण.”

बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली. “माझी बहीण? कुणावर?”

“तुझ्यावर. तुला सगळं आधी, सगळं जास्त, म्हणाली. नवऱ्याला रोज मोजायला लावायची, मला किती शाबासक्या आणि त्याला किती. शनिवारी रडली म्हणे.”

“ती?” बायको म्हणाली. “रडली? माझ्यामुळे?”

तिनं मटारचं भांडं बाजूला सारलं. पदराला हात पुसले. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असा काही उजेड पसरला, की थोरल्यांनी तो लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता. तो आनंद थोरल्यांनी ताबडतोब ओळखला. सकाळी अकरापासून तो त्यांच्याजवळ होता, पुरता सहा तास. त्यांच्या पोटात पुन्हा दुखू लागलं, आणि या खेपेला बायकोच्या नावानं.

“बिचारी,” बायको म्हणाली आणि दुसरी खुर्ची जवळ ओढली. “बसा इथं. अकरा आणि सहा ना? नक्की अकरा? आता पहिल्यापासून सांगा, आणि सावकाश सांगा. रडली, तिथं जरा थांबा.”